चांदीच्या ड्रेसिंगवर सलाईन ओतायचं का?

मागच्या अंकात चांदीचा थर दिलेल्या ड्रेसिंगबद्दल मी अर्धं पान लिहिलं, तेही जागा उरली म्हणून. त्यावर इतकी पत्रं येतील असं संपादकांना वाटलं नव्हतं, मलाही नाही. लिहिलं होतं ते एवढंच: नायलॉन, पॉलिएथिलीन अशा धाग्यांवर चांदीचा अतिपातळ थर देतात, जखमेतल्या ओलाव्याने त्या थरातून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटतात आणि ते जंतूंना मारतात. या वेळचं सगळं सदर त्या पत्रांना.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. कापडाच्या रसायनशास्त्रातली आहे. माटुंग्याला शिकले आणि नोकरीचा बराचसा काळ तारापूरच्या एमआयडीसीत, वैद्यकीय कापडाच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेच्या बाजूला काढला. त्यामुळे कुणाचा पाय वाचेल की नाही हे मला विचारू नका, ते तपासणाऱ्या सर्जनला विचारा. धाग्याचं, थराचं आणि पाकिटावर छापलेल्या बारीक अक्षरांचं मात्र खुशाल विचारा.

"ताई, आईच्या (वय ६८) पोटरीवर उकळतं पाणी सांडलं. डॉक्टरांनी चांदीचं ड्रेसिंग लिहून दिलं, एका तुकड्याला साडेसहाशे रुपये. पाकिटावर लिहिलंय की निर्जंतुक पाण्याने ओलं करा, सलाईन वापरू नका. ड्रेसरने नेहमीप्रमाणे सलाईनची बाटली उपडी केली. मी बोललो तर म्हणाला, 'सलाईनने कधी कुणाचं वाईट झालंय का?' पैसे वाया गेले का?" — कराड

आईंना अपाय काही झालेला नाही, तेव्हा आधी ती काळजी सोडा. ड्रेसर म्हणतो ते निम्मं खरं आहे. सलाईनने जखमेचं वाईट होत नाही. वाईट होतं ते चांदीचं.

सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी. मिठातला क्लोराइड आणि चांदीचा आयन समोरासमोर आले की एकमेकांना सोडत नाहीत. बारावीच्या प्रॅक्टिकलला सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की परीक्षानळीत दह्यासारखा पांढरा साका बसायचा, आठवतंय? तो सिल्व्हर क्लोराइड. साध्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम दोन मिलिग्रॅम विरघळतो, मिठाच्या पाण्यात त्याहूनही कमी. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना हे तोंडी सांगून पटत नसे. म्हणून एकाच ड्रेसिंगचे दोन चौकोन कापून एक निर्जंतुक पाण्यात आणि एक सलाईनमध्ये रात्रभर ठेवायला सांगायचे. सकाळी दोन्ही पाण्यांतली विरघळलेली चांदी मोजायची. पाण्यातला आकडा बघून मुलं खूश होत आणि सलाईनमधला बघून यंत्रच बिघडलंय म्हणत. यंत्र ठीक असायचं. सलाईनमधल्या तुकड्यावर धाग्यांच्या कडेने एक मळकट पांढुरकी साय धरलेली असे, बोटाने चोळली तर हाताला लागणारी. चांदी तिथे जाऊन बसलेली.

आता एक चतुर वाचक विचारणारच की बाई, जखमेतून जी लस पाझरते तीही खारटच असते, मग तिथे चांदी कशी टिकते? टिकत नाहीच. ती जात राहते आणि थरातून नवी सुटत राहते. या ड्रेसिंगची सगळी करामत तीच आहे. १९६५ मध्ये अमेरिकेत सेंट लुइसला कार्ल मॉयर या सर्जनने भाजलेल्या रुग्णांना ०.५ टक्के सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात भिजवलेल्या जाड पट्ट्या बांधायला सुरुवात केली. जंतू मेले, पण चांदी मागे साठलेली नव्हती, म्हणून दर दोन-तीन तासांनी पट्ट्या पुन्हा भिजवाव्या लागत. शिवाय ते द्रावण रुग्णाच्या अंगातलं मीठ ओढून घ्यायचं. रक्तातला सोडियम इतका उतरे की त्यावर वेगळी नजर ठेवावी लागे. चादरी, नर्सचे हात, भिंती, सगळं काळं पडे ते वेगळंच. तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स फॉक्स यांनी चांदी आणि सल्फाडायझिन हे सल्फा गटातलं औषध जोडून पांढरं मलम केलं. तेच मलम आजही आपल्या सरकारी दवाखान्यांत असतं. त्यातून चांदी हळूहळू सुटते, पण दिवसातून एकदा-दोनदा जुना थर पुसून नवा लावायचा, म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने रोज नव्याने मरण. धाग्यावरच चांदीचा साठा ठेवला तर ड्रेसिंग तीन-तीन, काही प्रकारांत सात दिवस उघडावं लागत नाही. तुम्ही साडेसहाशे रुपये दिलेत ते या न उघडण्याचे. साठ्यावर आरंभीच सलाईन ओतलं की पहिल्या काही तासांचा जो जोरदार मारा असतो त्यातला बराच भाग फुकट जातो. सगळं ड्रेसिंग वाया जात नाही.

मात्र हा नियम सगळ्या चांदीच्या ड्रेसिंगना लावू नका. काही प्रकारांत चांदीचे आयन जेल होणाऱ्या तंतूंत बांधलेले असतात आणि त्यांच्या पाकिटावर सलाईन चालेल असं स्पष्ट छापलेलं असतं. ड्रेसरशी वाद घालत बसू नका. पुढच्या वेळी निर्जंतुक पाण्याच्या दहा मिलिच्या दोन प्लास्टिक कुप्या मेडिकलमधून घेऊन जा आणि पाकिटाबरोबर त्याच्या हातात ठेवा. हातात जे असतं तेच वापरलं जातं, हा सगळ्या दवाखान्यांचा न्याय आहे.

"मी बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला आहे, घरी यंत्रमाग आहेत. पॉलिएस्टरला साधा रंग धड लागत नाही तर त्यावर धातू कसा चिकटतो? प्रकल्पासाठी घरी किंवा कॉलेजात करता येईल का?" — इचलकरंजी

मागवाल्यांच्या घरातला प्रश्न आहे हे पहिल्याच ओळीत कळलं.

धाग्यात चांदी घालण्याचे तीन रस्ते आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. पहिला, धागा ओढण्याआधीच वितळलेल्या पॉलिमरमध्ये चांदीचं चूर्ण मिसळायचं. चांदीचे आयन धरून ठेवणारी झिओलाइटसारखी खनिजं त्यासाठी वापरतात. हे स्वस्त, धुलाईला टिकणारं, पण चांदी लाडवातल्या बेदाण्यांसारखी असते: वर डोकावतात ते कण कामाचे, आतले आतच. जखमेसाठी एवढं पुरत नाही.

दुसरा रस्ता आयनांच्या अदलाबदलीचा. समुद्री शेवाळापासून केलेला अल्जिनेटचा धागा किंवा कार्बॉक्सिमेथिल सेल्युलोजचा धागा घ्यायचा, त्याच्या रासायनिक रचनेत जे ऋण भार असतात त्यांवर चांदीचे आयन बसवायचे. इथे थर असा नसतोच. जखमेतला सोडियम आला की चांदी जागा सोडते आणि धागा फुगून त्याचा जेल होतो. या प्रकारात चांदी वजनाने एक टक्क्याच्या आसपास असते.

तिसरा रस्ता तुम्ही विचारलेला, खऱ्याखुऱ्या थराचा. त्यातही दोन पद्धती.

रासायनिक पद्धत म्हणजे आरसे बनवण्याचीच. सिल्व्हर नायट्रेटमध्ये अमोनिया घालून केलेलं टॉलेन्सचं द्रावण आणि क्षपणासाठी, म्हणजे आयनांची पुन्हा धातूची चांदी करायला, ग्लुकोज. अल्डिहाइड ओळखायला तुम्ही काचेच्या नळीत आरसा पाडलाच असेल, तोच आरसा धाग्यावर पाडायचा. पण थेट बुडवलंत तर चांदी धाग्यावर न बसता भांड्याच्या तळाशी काळ्या गाळासारखी बसेल. म्हणून आधी धागा साफ करायचा. सूत कातताना आणि विणताना लावलेलं तेल, खळ सगळं उतरवायचं. यंत्रमागावरच्या कापडाला किती तेल असतं ते तुम्हाला सांगायला नको. मग पृष्ठभाग खरवडायचा. पॉलिएस्टरसाठी कॉस्टिक सोडा पुरतो, तो पृष्ठभागावरचे एस्टरबंध तोडून तिथे चांदीला धरायला जागा करून देतो. नायलॉनमध्ये अमाइडचे गट मुळातच असल्यामुळे ते जास्त समजूतदार आहे. बाजारातले चांदीचा मुलामा दिलेले धागे बहुतेक नायलॉनचे असतात ते त्यामुळेच. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन मात्र कुणालाच दाद देत नाहीत, त्यांना प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, विजेने आयन केलेला वायू) लागतो. नंतर आम्लयुक्त स्टॅनस क्लोराइडमध्ये बुडवायचं. धाग्यावर कथिलाचे आयन जागोजागी बसतात आणि चांदीचा पहिला कण तिथे रुजतो.

त्यानंतरचं दृश्य मला कधीच जुनं वाटलं नाही. पांढरंशुभ्र नायलॉन द्रावणात शिरतं आणि काही वेळ काहीच होत नाही. मग अचानक त्यावर फिकट गवती छटा येते, ती पिवळसर तपकिरी होते, चहाचा डाग पडावा तशी मळते, आणि बॅच बिघडली असं वाटेपर्यंत राखाडी होऊन चमकायला लागते. रंग बदलतो तो कणांच्या आकारामुळे. चांदीचे अगदी बारीक कण पिवळे दिसतात, एकमेकांना भिडून सलग थर झाला की चांदीसारखे. घाई करून ग्लुकोज जास्त घातलं की थर जाड आणि भुसभुशीत होतो.

दुसरी पद्धत निर्वात पोकळीतली, स्पटरिंग. बंद पेटीतली हवा काढून थोडा आर्गॉन सोडतात, विजेने त्याचे आयन करून चांदीच्या पत्र्यावर आदळवतात आणि उडालेले अणू समोरून सरकणाऱ्या जाळीवर बसतात. पाणी नाही, अमोनिया नाही, आणि रोळ थंड ठेवला तर १३० अंशांच्या आसपास वितळणारं पॉलिएथिलीनही सुखरूप राहतं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात रॉबर्ट बरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हीच पद्धत थोडी मुद्दाम 'बिघडवली': पेटीत ऑक्सिजन सोडला, परिस्थिती अशी ठेवली की अणूंना नीट रचून बसायला सवडच मिळू नये. तयार झालेला थर नॅनोमीटरमध्ये मोजावा अशा अस्ताव्यस्त स्फटिकांचा. नीट रचलेली चांदी दागिना म्हणून चांगली, पण ती पाण्यात काही सोडत नाही. ही अस्ताव्यस्त चांदी भराभर आयन सोडते. पॉलिएथिलीनच्या जाळीवर हा थर, मध्ये रेयॉन-पॉलिएस्टरचं न विणलेलं शोषक कापड, असं ते ड्रेसिंग बाजारात आलं आणि जळितांच्या वॉर्डांत रुळलं. धातुशास्त्रात जो दोष मानतात तो इथे विकायचा माल झाला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता तुमचा प्रकल्प. घरी नको. कॉलेजात, सरांच्या नजरेखाली करा. एक गोष्ट लिहून भिंतीवर लावा: टॉलेन्सचं द्रावण साठवून ठेवायचं नाही. उघडं राहून सुकलं की त्यात स्फोटक काळा पदार्थ तयार होतो आणि तो नुसत्या धक्क्याने उडतो. लागेल तेवढंच करायचं आणि काम संपताक्षणी विरल नायट्रिक आम्ल घालून मारायचं. नायलॉन आणि पॉलिएस्टरचे सारखे तुकडे घ्या, काहींना कॉस्टिक द्या, काहींना देऊ नका, थर चढवा आणि मग चिकटपट्टी दाबून ओढून बघा. पट्टीला किती राखाडी आलं, हीच तुमची मोजणी. आम्ही शिवाय क्रॉकमीटरवर घासत असू, ज्यावर रंग पक्का आहे का ते बघतात तेच यंत्र. त्याच्या बोटाला लावलेला पांढरा कापडाचा तुकडा दहा फेऱ्यांनंतर शिसपेन्सिल घासल्यासारखा झाला की माल परत. ती राखाडी भुकटी उद्या कुणाच्या तरी जखमेत पडली असती.

"अर्धं ड्रेसिंग कापून वापरलं, अर्धं पाकिटात घडी घालून फ्रीजमध्ये ठेवलंय. पुढच्या वेळी चालेल ना?" — चिंचवड

नाही. पाकीट बंद असताना ते गॅमा किरणांसारख्या पद्धतीने निर्जंतुक केलेलं असतं. उघडलं की ते गेलं. चांदी आहे म्हणजे आपोआप निर्जंतुक, असं नसतं. कोरड्या चांदीतून आयन सुटत नाहीत, आणि फ्रीजमधली कोथिंबीर तुम्हाला माहीत आहेच. लहान मापाचं पाकीट मिळतं का विचारा.

"वडिलांच्या कोपरावरचं चांदीचं ड्रेसिंग तिसऱ्या दिवशी काढलं तर आजूबाजूची कातडी काळपट-करडी झाली होती. आम्ही घाबरून रात्रीच हॉस्पिटल गाठलं. गँगरीन तर नाही? कुणीतरी म्हणालं, चांदीने माणूस निळा होतो." — नाशिक रोड

गाठलंत ते बरं केलंत, घरी बसून अंदाज बांधण्यापेक्षा ते चांगलं. बहुधा तो डाग आहे. चांदी आणि गंधक भेटले की काळा सिल्व्हर सल्फाइड होतो, देव्हाऱ्यातलं निरांजन काळं पडतं ते यामुळेच. कातडीतल्या प्रथिनांत गंधक असतंच. असा डाग सपाट असतो, दाबल्यावर दुखत नाही, जागा बाकीच्या कातडीइतकीच कोमट लागते आणि वरची कातडी झडते तसा तो काही दिवसांत फिका होतो. उलट कडा लाल होऊन पसरत असतील, दुर्गंधी असेल, ताप असेल, बोटं गार पडली असतील किंवा दुखणं एकदम वाढलं अथवा एकदम थांबलं असेल, तर डाग की काय याची चर्चा न करता डॉक्टरकडे.

माणूस निळा होतो हे खोटं नाही, पण ते बहुतेक वेळा चांदी पिण्याने. अमेरिकेतला पॉल कॅरासन नावाचा गृहस्थ वर्षानुवर्षं घरी केलेलं चांदीचं पाणी पीत राहिला आणि चेहरा निळा-जांभळा झाला तो २०१३ मध्ये वारेपर्यंत तसाच राहिला. तिथल्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केलं होतं की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकली जाणारी चांदीची औषधं सुरक्षित आणि परिणामकारक मानता येणार नाहीत. आपल्याकडे ते पाणी 'इम्युनिटी' म्हणून अजून विकतात. कोपराएवढ्या जखमेवर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस लावलेल्या ड्रेसिंगची ही भीती धरू नका. मोठ्या भागावर भाजलं असेल आणि ड्रेसिंग आठवडेच्या आठवडे चालू असेल तर चांदी थोडी रक्तातही जाते, त्याकडे डॉक्टर लक्ष ठेवतात. हो, एमआरआय काढायचा असेल तर आधी सांगा की ड्रेसिंग धातूचं आहे. ते काढावं लागतं.

"मी ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे. आमच्याकडे पांढरं मलम आणि गॉज, एवढंच. कंपनीचा माणूस येतो, मोठमोठी वर्तुळं असलेल्या बशांचे फोटो दाखवतो आणि म्हणतो, आमच्यात चांदी सगळ्यांत जास्त. पेशंट कर्ज काढून ही ड्रेसिंग आणतात. मधुमेहाच्या पायाला खरंच फरक पडतो का?" — परभणी जिल्हा

सिस्टर, तुमचं पत्र दोनदा वाचलं.

आधी त्या फोटोंचं. बशीत जंतू पसरायचे, मधोमध कापडाचा तुकडा ठेवायचा आणि भोवती किती अंतरावर वाढ थांबली ते बघायचं, ही चाचणी मीही आयुष्यभर केली. वर्तुळ मोठं म्हणजे चांदी आगरमध्ये, म्हणजे बशीतल्या जेलीत, लांबवर पसरली, एवढंच त्यातून कळतं. तुमच्या रुग्णाच्या टाचेवर आगर नसतो, तिथे पू, मृत मांस आणि प्रथिनं असतात आणि ती चांदीला आधीच गिळतात. त्या माणसाला विचारा की जखमेच्या स्रावासारख्या द्रवात, सातव्या दिवशी, जंतूंची मोजणी किती आली. बहुतेक वेळा तो 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणेल.

'सगळ्यांत जास्त चांदी' हेही तसंच. बाजारातल्या ड्रेसिंगमध्ये १०० चौरस सेंटिमीटरमागे १० मिलिग्रॅमहून कमी चांदी असलेली आहेत, १०० च्या आसपासची आहेत आणि मुलामा दिलेल्या नायलॉनची ५०० च्याही वरची आहेत. पाचशेवालं शंभरवाल्याच्या पाचपट जंतू मारतं, असं अजिबात होत नाही. धाग्यावर किती आहे हे साठ्याचं माप झालं. काम करते ती सुटलेली चांदी. आणि किमतीचंही सांगते. चांदी किलोला दोन लाख रुपये धरली तर १०० मिलिग्रॅमचे २० रुपये होतात. बाकीचे पैसे पेटीचे, निर्जंतुकीकरणाचे, परवान्यांचे आणि त्या फोटो दाखवणाऱ्या माणसाच्या गाडीचे.

आता फरक पडतो का. ब्रिटनमध्ये पायाच्या नीलांच्या (अशुद्ध रक्त नेणाऱ्या शिरांच्या) बिघाडाने झालेल्या जखमा असलेल्या २१३ रुग्णांवर एक चाचणी झाली, २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना चांदीचं ड्रेसिंग, निम्म्यांना बिनचांदीचं. बारा आठवड्यांनी भरून आलेल्या जखमांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही, खर्च मात्र चांदीचा जास्त. कॉक्रेन या, जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात २६ चाचण्या आणि २,०६६ रुग्ण एकत्र तपासले. चांदीने संसर्ग टळतो किंवा जखम लवकर भरते असं म्हणायला पुरेसा आधार मिळाला नाही. मधुमेहाच्या पायांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात की नुसती जखम लवकर भरावी म्हणून जंतुनाशक ड्रेसिंग वापरू नका. हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध जातं, पण आकडे असे आहेत.

म्हणजे चांदी निकामी का? तसं नव्हे. जंतूंचा भार वाढलेला दिसतोय, वास येतोय, जखम अडून बसली आहे, किंवा मोठं भाजलंय आणि रोज ड्रेसिंग उघडणं रुग्णाला सोसवत नाही, अशा वेळी तिचा उपयोग आहे. तज्ज्ञांच्या २०१२ च्या एका आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रात दोन आठवड्यांची मुदत सुचवली आहे: दोन आठवडे वापरा, मग जखम नव्याने तपासा. सुधारली तर थांबवा, नाही सुधारली तर चांदी चालू ठेवण्याऐवजी कारण शोधा. मधुमेहाच्या पायात कारण बहुतेक वेळा साखर, रक्तपुरवठा आणि त्याच जखमेवर रोज पडणारं वजन हेच असतं. कर्जाचे पैसे आधी पायावरचा भार काढणाऱ्या चपलेवर आणि मृत मांस नीट काढून घेण्यावर जाऊ द्या.

तुमच्या पांढऱ्या मलमाला तुच्छ लेखू नका, पण लाडही नकोत. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात भाजलेल्या जखमा त्या मलमाखाली इतर अनेक ड्रेसिंगपेक्षा सावकाश भरताना दिसल्या. वर ते खपलीसारखा एक पिवळट पापुद्रा धरतं आणि खालची जखम किती खोल आहे ते कळू देत नाही. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना, दिवस भरत आलेल्या गर्भवतींना आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना ते लावायचं नाही, हे तुम्ही जाणताच.

आणि उथळ भाजण्यासाठी चांदीशिवायचे मार्ग आपल्याच मुंबईत शोधले गेलेत. डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर चिकटवून ड्रेसिंग केलं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान निर्जंतुक करून वापरलं आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये 'बर्न्स' या नियतकालिकात छापून आले. दोन्हींत जंतू मारण्याचा दावा नाही; जखम ओलसर राहते आणि काढताना चिकटत नाही, एवढंच. निम्मं काम तेवढ्यानेच होतं. मात्र पान ऑटोक्लेव्ह केलेलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलेलं हवं, परसातून तोडून थेट नव्हे.

"मिठाईवरचा चांदीचा वर्ख जखमेवर लावला तर? आमच्याकडे किलोने असतो." — मिठाईचे दुकानदार, सोलापूर

तुमच्या आधी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे विल्यम हालस्टेड यांना हे सुचलं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते टाक्यांवर चांदीचा पातळ पत्रा घालत. पण तो निर्जंतुक केलेला आणि शिवलेल्या बंद जखमेवर. तुमचा वर्ख दुकानातल्या हवेत उघडा, हाताने उचललेला. शिवाय नुसती धातूची चांदी मुकी असते. २०१२ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी चांदीचे नॅनोकण ऑक्सिजन नसलेल्या पेटीत ई. कोलायबरोबर ठेवले, तर जंतूंना काहीच झालं नाही. ऑक्सिजनने आयन सुटू दिले की मग मेले. वर्ख बर्फीवरच राहू द्या.

"चांदीच्या धाग्याचे मोजे घेतले, ९९.९ टक्के जंतू मारतात असं लिहिलंय. धुऊन धुऊन चांदी जाते का? आणि रोज घातले तर चालतील?" — ठाणे

९९.९ टक्के म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत तीन लॉगची घट. दहा लाख जंतू ठेवले होते, हजार उरले. मोज्याला ठीक आहे. पण ही चाचणी नव्या कापडाची, बहुधा चोवीस तासांची. धुलाईचं म्हणाल तर ॲरिझोनातल्या संशोधकांनी २००८ मध्ये बाजारातले मोजे आणून नुसते पाण्यात हलवले, आणि काहींतली जवळपास सगळी चांदी चार धुण्यांत पाण्यात उतरली. ब्लीच घालत असाल तर आणखी लवकर, त्यातही क्लोरीनच.

चांदीचे मोजे घालून पायाला काही होणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. जंतू चांदीलाही सरावतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातल्या जळितांच्या वॉर्डात १९७० च्या दशकात साल्मोनेलाचा एक वाण आला. त्याच्यावर सिल्व्हर नायट्रेट चालेना, ॲम्पिसिलिन चालेना, क्लोरॅम्फेनिकॉलही नाही. तीन रुग्ण दगावले, वॉर्ड बंद ठेवावा लागला. चांदीला बाहेर फेकणारी ती जनुकं एका प्लाझ्मिडवर, डीएनएच्या सुट्या कडीवर, होती, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी. जळितांच्या वॉर्डात हा धोका पत्करायला कारण असतं. पायाच्या घामाच्या वासासाठी ते मला पुरेसं वाटत नाही. घेतलेत तर वापरून संपवा, पुढचे सुती घ्या.